‘चौदा वर्षांत टाकी उपसावी लागलीच नाही’: जुनं घर घेण्याआधी सेप्टिक टाकी कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात चौदा वर्षांपूर्वी बांधलेलं चिऱ्याचं घर विकत घ्यायचं आहे. घरात चार माणसं बारमाही राहत होती. अंगणात विहीर आहे, प्यायचं पाणी तिचंच. मालक अभिमानाने सांगतात की सेप्टिक टाकी एवढ्या वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. तर व्यवहाराआधी टाकी तपासून घ्यावी का, कोणाकडून, आणि नक्की काय बघायचं?

करून घ्याच. आणि मालकांचं ते वाक्य जमेच्या बाजूला धरू नका. तपासणी करायला दुसरं कारण नसतं तरी ते एक पुरलं असतं.

टाकीचं काम साधं आहे. आत आलेला मैला संथ पाण्यात खाली बसतो, त्याचा गाळ होतो. तेलकट आणि हलकं ते वर तरंगून साय धरतं. या दोन थरांच्या मधलं पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ पचवतात, पण सगळा पचत नाही. उरलेला साचतो आणि तो कधीतरी बाहेर काढावाच लागतो. भारतीय मानकात (आय.एस. २४७०) ५ माणसांसाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची टाकी दिली आहे, तीही दर दोन वर्षांनी उपसायची असं धरून. म्हणजे ढोबळमानाने ३,६५० ‘माणूस-दिवसां’ना एक उपसा. तुमच्या घरात ४ माणसं, १४ वर्षं: २० हजारांच्या वर माणूस-दिवस झाले. टाकी तेवढीच असेल तर पाच वेळा उपसा व्हायला हवा होता. टाकी मोठी असेल, गाळ चांगला पचत असेल तर हा आकडा खाली येतो, दोनावरही येतो. शून्यावर येत नाही. (हेच घर फक्त गणपती-शिमग्याला उघडत असतं तर मालकांचं म्हणणं पटलं असतं. सहा माणसं वर्षातले साठ दिवस राहिली तर दहा वर्षं सहज निघतात.)

मग गाळ गेला कुठे? तीनच वाटा आहेत. एक, टाकीला तळच नाही किंवा भिंती गळक्या आहेत. नाव टाकीचं, काम खड्ड्याचं. दोन, गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहून शोषखड्ड्यात बसला आहे. तीन, बाहेरचा पाइप शोषखड्ड्यात जातच नाही, मागच्या वहाळात (ओढ्यात) सोडलेला आहे. तपासणीत शोधायचं आहे ते यातलं नेमकं काय.

कोणाकडून, आणि कधी

सेप्टिक टाकी तपासणारा म्हणून वेगळा परवानाधारक माणूस आपल्याकडे नसतो. तीन जणांचं काम एका दिवशी जुळवावं लागतं: ड्रेनेजची कामं केलेला प्लंबर, उपसा करणारी सक्शन गाडी, आणि बांधकामाची अवस्था सांगू शकेल असा सिव्हिल इंजिनीअर किंवा जाणता गवंडी. मूळ गवंडी गावातच असेल तर आधी त्याला गाठा. तळाला काँक्रीट घातलं होतं की नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

वेळ निवडता येत असेल तर पावसाळा निवडा, तोही सलग आठ-दहा दिवस पाऊस झाल्यानंतरचा. एप्रिल-मे महिन्यात कोकणातला जवळजवळ कुठलाही शोषखड्डा पास होतो. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की खरी परीक्षा होते. मात्र टाकी रिकामी करून गळती बघायचं काम उन्हाळ्यात बरं पडतं. दोन फेऱ्या परवडत नसतील तर पावसाळ्यातली एकच करा.

आधी विचारून घ्यायचं ते एवढं: टाकीची आतली मापं, कप्पे किती, झाकणं कुठे, नहाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी टाकीत येतं की वेगळं जातं, पागोळीचं पाणी कुठे जातं, आणि शोषखड्डा नेमका कुठे. शेवटच्या प्रश्नावर ‘त्या माडाच्या तिथे कुठेतरी’ असं उत्तर आलं तर अर्धा दिवस जास्तीचा धरा.

टाकी शोधणं

झाकण दिसत नसेल तर संडासाच्या मागच्या चेंबरपासून सुरुवात करा. तिथून पाइप ज्या दिशेला जातो त्या रेषेत लोखंडी सळई टोचत जायचं. स्लॅब लागला की आवाज बदलतो. हवेचा उभा पाइप हीदेखील खूण आहे. बऱ्याच घरांत नंतर अंगणाला फरशी घालताना किंवा गाडीसाठी शेड करताना झाकणं बुजवून टाकतात. अशी टाकी उपसली जात नाही, कारण ती उघडताच येत नाही. झाकणासाठी फरशी फोडावी लागणार असेल तर मालकांची लेखी परवानगी घ्या आणि फोडायचीच आहे तर दोन ठिकाणी फोडा: एक आत येणाऱ्या पाइपाच्या वर, एक बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर. मधोमध एकच झाकण असेल तर दोन्ही टोकं नीट दिसत नाहीत आणि गाडीची नळी कोपऱ्यातल्या गाळापर्यंत पोचत नाही.

उघडताना

इथे घाई करू नका. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो. पण हवेतलं प्रमाण दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ या समजुतीने माणसं गेली आहेत, आणि त्यांना काढायला उतरलेलीही. कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, आत उतरायचं नाही. डोकंही आत घालायचं नाही. गळतीचं प्लास्टर दुरुस्त करायचं असलं तरी तो वेगळा दिवस, वेगळी तयारी, वायुमापक आणि यंत्राने खेळती हवा असल्याशिवाय नाही.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम सांगणारे तुम्ही असाल तर ‘तो स्वतःच उतरला’ ही सबब चालत नाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली.

दोन्ही झाकणं काढा, वारा आपल्या पाठीकडून टाकीकडे वाहील असे उभे राहा, निदान अर्धा तास टाकी उघडी ठेवा. विडी, काडेपेटी, ग्राइंडर जवळ नको. मुलं आणि कुत्री लांब. जुन्या स्लॅबवर सरळ पाय देऊ नका. टाकीच्या दोन्ही भिंतींवर टेकेल अशी जाड फळी टाकून तिच्यावर उभं राहा. का, ते पुढे येतंच.

गाडी सुरू करण्याआधी

सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाडीवाल्याला घाई असते, झाकण उघडलं की तो नळी आत सोडतो, आणि जे वाचायचं होतं ते तो ओढून नेतो. टाकी उपसण्याआधीची पाण्याची पातळी ही तपासणीतली सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

चांगल्या टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी बरोबर टेकलेलं असतं. आत येणारा पाइप त्याहून साधारण ५० मिलिमीटर वर असतो. हे धरून बघा:

पाणी बाहेरच्या पाइपाच्या बरंच खाली असेल आणि घर वापरात असेल, तर टाकी गळते. चिऱ्याच्या टाकीत ही शक्यता पहिली. चिरा जांभ्या दगडाचा, आणि जांभा सच्छिद्र असतो. आतलं प्लास्टर सुटलं की चिरा पाणी धरत नाही. ‘कधीच भरली नाही’चं उत्तर बहुधा इथेच मिळतं.

पाणी पाइपाच्या वर चढलेलं असेल तर पुढे अडलं आहे: पाइप तुंबला, किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही.

पातळी आज बरोबर आहे पण भिंतीवर त्याच्या वर काळा पट्टा दिसतो, तर टाकी पूर्वी तुंबून गेली आहे. तपासणीच्या आठवडाभर आधी कोणी गुपचूप उपसा केला असेल, तर तेही हा पट्टा आणि साय नसलेलं पाणी मिळून सांगतात.

मग घरातल्या एका माणसाला प्रत्येक संडासात एकेक बादली ओतायला सांगा आणि आत येणाऱ्या पाइपाकडे बघा. पाणी काही सेकंदांत झपकन आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर मधे ढाळ कमी आहे किंवा मुळं शिरली आहेत. ११० मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे अडीच सेंटीमीटर ढाळ ठीक; याहून फारच तीव्र दिला तर पाणी पळतं आणि मैला मागे राहतो. एखाद्या संडासाचं पाणी आलंच नाही, तर ते कुठे जातं हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता गाळ मोजायचा. तीन मीटरचा सरळ बांबू घ्या, खालच्या मीटरभर भागाला जुना पांढरा टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून बांधा. बाहेरच्या टोकाजवळच्या झाकणातून, साय जिथे पातळ आहे तिथून, तळ लागेपर्यंत हळू सोडा. दोन-तीन मिनिटं थांबा, सावकाश वर काढा. जिथपर्यंत टॉवेल काळा आणि कणीदार झाला ती गाळाची उंची. ओल्या खुणेपर्यंतची ती एकूण खोली. साय मोजायला दुसऱ्या काठीच्या टोकाला १५ सेंटीमीटरची चौकोनी फळी आडवी ठोका. सायीतून खाली ढकला, थोडी फिरवा, आणि वर ओढताना फळी अडली की काठीवर खूण करा. तीच सायीची खालची बाजू. हातमोजे आणि चष्मा हवाच. बांबू नंतर जाळून टाका.

आकडे कसे वाचायचे? बाहेरच्या टोकाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा तुकडा) बसवलेला असतो, त्याचं खालचं तोंड पाण्याच्या खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बुडालेलं असावं. १ मीटर खोलीच्या टाकीत ते पृष्ठभागाखाली ३३ सेंटीमीटरवर आलं. गाळाचा माथा या तोंडाच्या निदान ३० सेंटीमीटर खाली हवा, म्हणजे गाळ ३७ सेंटीमीटरच्या वर नको. सायीची खालची बाजू या तोंडापासून १५ सेंटीमीटर वर हवी, म्हणजे साय १८ सेंटीमीटरपेक्षा खोल नको. यातली एकही हद्द ओलांडली असेल तर गाळ पुढे जायला लागला आहे असं धरा.

आणि उलटी खूण: चौदा वर्षांनंतर गाळ जेमतेम वीतभर असेल, तर खूश होऊ नका. तो कुठेतरी जातो आहे.

एक पथ्य. भरलेल्या टाकीत उपसा करण्याआधी नळ सोडून ‘पाणी जातं का’ बघायचा मोह टाळा. एवढं पाणी एकदम आत आलं की साचलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो, आणि तपासणीच बिघाडाचं कारण होते.

उपसा चालू असताना आणि नंतर

गाडीवाल्याशी दर ठरवताना खेपेचा दर आणि गाडी किती लिटरची हे दोन्ही विचारा. दोन खेपांचे पैसे सांगून एकीतच वरचं पाणी नेणं आणि तळचा गाळ तसाच ठेवणं हे सर्रास चालतं. गाळ घट्ट असेल तर त्याच टाकीतलं पाणी उलट सोडून ढवळावा लागतो, मग तो नळीत येतो. मैला कुठे रिता करणार हेही विचारा. प्रक्रिया केंद्राचं नाव सांगता आलं नाही तर तो कोणाच्या तरी वहाळात जाणार आहे. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायची घडी बसवली आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ही चौकशी तुम्हालाच करावी लागते. उपशासाठी १४४२० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, शहराजवळच्या भागात त्याचा जास्त उपयोग होतो.

गाडी थांबली की लगेच झाकण लावू नका. बाहेरच्या पाइपाकडे दहा मिनिटं बघत राहा. तिकडून पाणी उलटं टाकीत यायला लागलं तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला आहे. या एका खुणेला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मान देतो, कारण ती रंगसफेदीने झाकता येत नाही.

नंतर मोबाइल काठीला बांधून, दिवा लावून आत सोडा आणि चित्रण करा. बघायचं ते असं. तळ काँक्रीटचा आहे की माती-दगड दिसतो. भिंतींतून बाहेरचं पाणी झिरपत आत येतंय का. पावसाळ्यात आत येतं ते उन्हाळ्यात बाहेर जातं. टाकी २,००० लिटरहून मोठी असेल तर मधे भिंत हवी, पहिला कप्पा लांबीच्या दोन-तृतीयांश. दोन्ही टोकांना टी आहेत का. बाहेरचा टी गळून पडलेला आणि नुसतं पाइपाचं तोंड भिंतीत, हा दोष फार घरांत सापडतो. टी नसला की साय थेट पाइपात शिरते. दुरुस्तीला खर्च किरकोळ, नाही केली तर शोषखड्डा वाया.

सर्वांत शेवटी स्लॅबची खालची बाजू. हायड्रोजन सल्फाइड वर चढून ओल्या काँक्रीटवर बसतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते काँक्रीट खातं. वरून फरशी चकाचक आणि खालून सळया उघड्या, फुगलेल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या असं चित्र दिसतं. असा स्लॅब बदलायचाच, त्यावर गाडी उभी करायची नाही.

गळतीची चाचणी: बाहेरच्या पाइपाला बूच मारा, टाकी विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्याने पाइपाच्या पातळीपर्यंत भरा, एक दिवस भिंतींना पाणी पिऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून खूण करा आणि आणखी चोवीस तासांनी मोजा. या काळात घरातला संडास वापरायचा नाही. एक-दीड सेंटीमीटर उतरलं तर चालेल. वीतभर उतरलं तर ती टाकी नव्हे.

रेडीमेड प्लास्टिकची टाकी असेल तर एक वेगळी सावधगिरी: भर पावसात ती पूर्ण रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी वर असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसा करावाच लागला तर लगेच पाण्याने भरा.

शोषखड्डा

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असतं, पण जंतू त्यात भरपूर असतात. खरी शुद्धी मातीत होते, म्हणून शोषखड्डा हा टाकीचा दुय्यम भाग समजू नका.

खड्डा निदान ९० सेंटीमीटर व्यासाचा आणि पाइपाच्या तोंडाखाली निदान १ मीटर खोल असावा. घरापासून ६ मीटर आणि पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट, ही मानकातली किमान अंतरं. वर जमीन मऊ, ओलसर, गवत आजूबाजूपेक्षा गर्द हिरवं, किंवा आळूचं बन माजलेलं असेल तर पाणी वर येतं आहे.

टाकी रिकामी झाल्यावर चाचणी करा: टाकी आणि खड्ड्याच्या मधल्या चेंबरमधून थेट शोषखड्ड्यात तासाभरात ५०० लिटर स्वच्छ पाणी सोडा. पाच माणसांच्या दिवसभराच्या वापराइतकं हे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी उभं दिसलं तर त्याच्या भिंतींवर काळा चिकट थर बसला आहे. असा खड्डा साफ करून क्वचितच सुधारतो, नवीन जागी नवीन खणावा लागतो.

नव्यासाठी जमिनीची चाचणी अशी: ठरवलेल्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटीमीटर व्यासाचं भोक, तळाला ५ सेंटीमीटर बारीक खडी, रात्रभर पाण्याने भिजवायचं. सकाळी खडीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर लांब चर खणून त्यात पाणी पसरवावं लागतं. ६० च्या वर गेलं, जे विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत नेहमी होतं, तर जिरवण्याचा नाद सोडून खडीच्या गाळणीसारखा उपाय करावा लागतो.

तुमच्याकडे अडचण उलटी आहे. जांभ्यात ही चाचणी झकास पास होते. पाणी दोन-चार मिनिटांतही उतरतं, आणि गवंडी म्हणतो, ‘बघा, कसं गट्ट होतंय!’ पण जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. त्यांतून पाणी गाळलं न जाता धावतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर पोचलं की त्या थरावरून आडवं सरकतं, आणि कोकणातल्या पुष्कळ विहिरींना पाणी नेमकं याच थरावरून मिळतं. म्हणून १८ मीटर हा आकडा मातीसाठी ठीक, जांभ्यात तो पुरेसा असेलच असं नाही. अंतराइतकाच उतारही बघा. विहीर शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला असेल तर बरं; खालच्या अंगाला, आणि तीही २५-३० मीटरच्या आत असेल, तर मी पाण्याचा अहवाल हातात आल्याशिवाय इसार द्यायला सांगणार नाही.

विहीर

पाणी दोनदा तपासायचं, एकदा पावसाळ्यात आणि एकदा पावसानंतर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली त्यांचीच घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुन्याच्या आधी विहिरीत टी.सी.एल. (जंतू मारायची ब्लीचिंग) पावडर टाकलेली नको, नाहीतर अहवाल स्वच्छ येतो आणि तुम्ही फसता. मालकांना सरळ विचारा, शेवटची पावडर कधी टाकली. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आय.एस. १०५००) १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातला जिवाणू) एकही नसावा आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं असं आहे. नायट्रेट जरूर करून घ्या: पावडरीने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, त्यामुळे पावडर मारलेल्या विहिरीतही ते चुगली करतं. प्राथमिक अंदाजासाठी एच.टू.एस. बाटली मिळते, पाणी भरून ठेवलं की एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्याचा संशय पक्का.

टाकीचं पाणी विहिरीत येतं का हे बघायला लोक रंगाची चाचणी सुचवतात. ती करायची तर फ्लोरेसिन या हिरव्या रंगाने, थोडीशी पूड संडासात टाकून आणि भरपूर पाणी ओतून. शेजाऱ्यांच्या विहिरी असतील तर त्यांना आधी सांगा, नाहीतर हिरवं पाणी बघून गाव गोळा होईल. पोटॅशियम परमँगनेट वापरू नका, मैल्याशी गाठ पडताच त्याचा रंग जातो. आणि रंग विहिरीत दिसला तर संबंध सिद्ध झाला, पण दिसला नाही म्हणून संबंध नाही असं होत नाही. पाण्याला महिनाही लागू शकतो.

हवेचा पाइप निदान ५० मिलिमीटरचा, छताच्या वर साधारण २ मीटर गेलेला आणि टोकाला डासांची जाळी असलेला हवा. जाळी नसेल तर टाकी म्हणजे डासांचं कोठार. पागोळीचं पाणी टाकीत सोडलेलं असेल तर ते आधी तोडा. दापोलीच्या पावसात छपरावरचं पाणी कुठलीही टाकी धुऊन काढील.

व्यवहारात याचा उपयोग

सुटलेला टी, जाळी, झाकणं, हवेचा पाइप: ही किरकोळ कामं, यावरून घर सोडू नका. स्लॅब बदलणं किंवा आतून नवीन प्लास्टर आणि जलरोधक लेप: मध्यम खर्च, किमतीत धरून घ्या. मेलेला शोषखड्डा, आणि नवीन करायला विहिरीपासून पुरेशी लांब जागाच नाही: इथे थांबून विचार करा. अशा प्लॉटवर टाकीनंतर खडीची, पाणी खालून वर चढतं अशी गाळणी बांधून तिचं पाणी तळाला अस्तर असलेल्या केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडता येतं, पण कोकणच्या पावसात तो वाफा चार महिने डबडबलेला राहतो. मग प्यायला वेगळं पाणी शोधावंच लागतं. टाकीला तळ नसेल आणि विहीर खालच्या अंगाला असेल, तर नव्या टाकीचा आणि नव्या जागेच्या शोषखड्ड्याचा पूर्ण अंदाज इंजिनीअरकडून लिहून घेऊन मगच भाव बोला.

जो कोणी तपासेल त्याच्याकडून एका कागदावर हे घ्या: आतली मापं, उपशाआधीची पातळी, गाळ आणि सायीचे आकडे, उलटं पाणी आलं की नाही, चोवीस तासांतली घट, शोषखड्ड्याचा निकाल, विहिरीचं टेपने मोजलेलं अंतर, आणि तारखेसह चित्रण. ‘टाकी ठीक आहे’ एवढंच लिहिलेल्या कागदाला काही किंमत नाही.

घर घेतल्यावर टाकी रिकामी ठेवू नका. पाण्याने भरा आणि दोन-तीन बादल्या जुनं, कुजलेलं शेण कालवून सोडा, म्हणजे जिवाणू लवकर धरतात. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांनी उपसा टळत नाही. फरशी धुवायचं ॲसिड संडासात ओतू नका. घर बंद ठेवून पुण्या-मुंबईला जाणार असाल तर नहाणीच्या जाळीखालचं पाणी उन्हाळ्यात महिन्याभरात आटतं आणि टाकीचा वायू घरात येतो. निघताना प्रत्येक जाळीत मग्गाभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल सोडा, तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. झाकणांचा नकाशा, घराच्या कोपऱ्यापासून फुटांत मापं लिहून, मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्यावर आजच्या गाळाचा आकडा आणि तारीख टाका. पुढच्या मे महिन्यात पुन्हा बांबू घाला. दोन आकड्यांमधल्या फरकावरून तुमच्या घराचा उपसा किती वर्षांनी हे तुमचं तुम्हालाच काढता येईल.